दुःखासन आणि आस्यासुख : चिकित्सालयासाठी खुर्ची घेताना

ज्या त्रैमासिकात बस्तिकल्पना, क्षारसूत्र आणि रसौषधींची चर्चा व्हावी, तेथे खुर्चीसारख्या विषयावर लेखणी चालवणे काही वैद्य बंधुभगिनींना क्षुल्लक वाटेल, याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे. चार वर्षांपूर्वी आम्हांसही ते तसेच वाटले असते. त्या सुमारास आम्ही आमच्या चिकित्सालयाचे नूतनीकरण केले, भिंतींना रंग दिला, धन्वंतरीची नवी तसबीर लावली आणि स्वतःसाठी उंच पाठीची, काळ्या रेक्झिनची, डोके टेकवावयाची सोय असलेली भपकेबाज खुर्ची पंधरा हजार रुपये मोजून आणली. त्याच दिवशी औषधाच्या काउंटरमागे जे स्टूल ठेवले गेले, ते होते पाठ नसलेले, प्लॅस्टिकचे, सहाशे रुपयांचे. या दोन आसनांवर कोण किती वेळ बसते, याचा हिशेब त्या वेळी आमच्या मनातही आला नाही.

तो हिशेब असा आहे. आम्ही रुग्ण तपासतो, म्हणजे दर दहा-पंधरा मिनिटांनी उठतो; उदरपरीक्षणासाठी तपासणीच्या टेबलाकडे जातो, पंचकर्म कक्षात डोकावतो, दारापर्यंत कोणास पोचवतो. काउंटरवरील आमची मदतनीस मात्र सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास एका जागी बसून चूर्णाच्या पुड्या बांधते, वट्या मोजते, संगणकावर बिले करते. मान खाली, पाठीला कमान, पाय स्टुलाच्या दांडीला अडकवलेले. गेली आठ वर्षे ती हे काम करीत आहे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या कटीपासून डाव्या पायाच्या टाचेपर्यंत वेदना सुरू झाल्या. निदान स्पष्ट होते, गृध्रसी. आम्ही तिला रजा दिली, स्नेहन-स्वेदन केले, कटीबस्ती केली, आठ दिवसांचा योगबस्तीचा क्रम पूर्ण केला आणि एक पैसाही घेतला नाही, याचे समाधानही आम्हांस वाटले. तीन आठवड्यांत तिला उत्तम उपशय मिळाला व ती कामावर रुजू झाली. दीड महिन्यात दुखणे पूर्वीइतकेच परतले. या खेपेस तिच्यासोबत तिची आई आली होती. आम्ही पुन्हा बस्तीचा विचार सांगू लागलो, तेव्हा ती माउली शांतपणे एवढेच म्हणाली, “डॉक्टरसाहेब, औषध तुमचंच, अन् स्टूलही तुमचंच.”

निदानपरिवर्जनाचा पाठ बी.ए.एम.एस.च्या पहिल्याच वर्षी आपण सारे घोकतो. रुग्णाला आम्ही शिळे खाऊ नका, जागरण करू नका, दुचाकीवरून फार फिरू नका असे सांगतो. आणि आमच्याच छताखाली हेतुसेवन रोज आठ तास सुरू होते, ते आम्हांस दिसले नाही. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात वातप्रकोपाची कारणे सांगताना दुःखकारक शय्येबरोबर दुःखकारक आसनाचाही उल्लेख केला आहे. दुसरीकडे प्रमेहचिकित्सेच्या अध्यायात आस्यासुख, म्हणजे सुखाने बसून राहण्याची आवड, हे निदान म्हणून येते. सिद्धिस्थानात पंचकर्मानंतर कटाक्षाने टाळावयाच्या आठ गोष्टींमध्ये अतिआसनाची गणना आहे. हे तिन्ही संदर्भ आम्हांस पाठ होते. तथापि एका खोलीत आपण दुःखासन मांडले आहे आणि दुसऱ्या खोलीत आस्यासुख, हे कळण्यासाठी एका अशिक्षित स्त्रीचे वाक्य ऐकावे लागले.

त्यानंतर आम्ही तिच्यासाठी खुर्ची घ्यावयास निघालो. अंदाज आठ हजारांपर्यंतचा होता; लहान गावातील चिकित्सालयास याहून अधिक झेपत नाही, आणि आम्हांस वाटते बहुसंख्य सभासदांची स्थिती हीच आहे. दुकानात गेल्यावर पहिला धक्का बसला तो ‘अर्गोनॉमिक’ या शब्दाचा. प्रत्येक खुर्चीवर तो छापलेला होता. साबणापासून टूथपेस्टपर्यंत वाटेल त्या वस्तूवर ‘आयुर्वेदिक’ असे छापलेले पाहून आपण जसे हळहळतो, तसेच या शास्त्राचे खरे जाणकार हळहळत असतील. शब्दाचा मूळ अर्थ काम आणि नियम या दोन ग्रीक शब्दांतून आलेला आहे; माणसाला कामासाठी वाकवावयाचे नाही, तर काम माणसाच्या मापाचे करावयाचे, हा त्याचा आशय. जाळीची पाठ लावली की खुर्ची अर्गोनॉमिक झाली, ही समजूत तर सर्वत्र पसरली आहे. बिल स्टम्फ व डॉन चॅडविक यांनी हर्मन मिलर या अमेरिकी कंपनीसाठी रचलेली ‘एरॉन’ खुर्ची १९९४ साली बाजारात आली, आणि जाळीच्या खुर्चीला खरी प्रतिष्ठा मिळाली. पण ती खुर्ची तीन वेगवेगळ्या मापांत मिळते, ही गोष्ट तिच्या स्वस्त नकला करणाऱ्यांनी सोयीस्करपणे वगळली. जाळी उचलली, मापे सोडून दिली.

आणि माप हाच तर मुद्दा आहे. आपल्या शास्त्रात शरीराचे प्रमाण ज्याच्या त्याच्या अंगुलांनी सांगितले आहे, ही आम्हांस नेहमीच मोठ्या सूक्ष्मदृष्टीची खूण वाटत आली आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायानुसार पुरुषाची उंची ८४ अंगुले, पावलाची उंची ४ आणि जंघेची लांबी १८ अंगुले. (सुश्रुतांनी एकूण उंची १२० अंगुले सांगितली आहे, तो वाद येथे नको.) म्हणजे जमिनीपासून गुडघ्याखालच्या खळगीपर्यंत २२ अंगुले झाली. आमच्या मदतनीस मुलीची उंची १५० सेंटिमीटर आहे. २२ भागिले ८४ हे प्रमाण लावले तर उत्तर ३९ सेंटिमीटरांच्या किंचित वर येते. कुतूहल म्हणून टेपने मोजले, तेव्हा अनवाणी पायांनी ते ३९ भरले. आमची स्वतःची उंची १७० आहे; गणिताने साडेचव्वेचाळीस आले, टेपने ४४. दोन व्यक्तींवरून सिद्धांत मांडण्याचा आमचा मुळीच आग्रह नाही, खुर्ची घेताना टेपच प्रमाण मानावा. पण सभासदांनी आपापल्या घरी हे मोजून पाहावे, अशी विनंती अवश्य आहे.

आता खुर्चीकडे वळू. आम्ही पाहिलेल्या सहा खुर्च्यांपैकी पाचांची बैठक अगदी खाली आणली तरी जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच राहात होती. आमच्या पायांना ती नेमकी बसत होती. आमच्या मदतनिसाचे पाय मात्र जमिनीपासून सहा सेंटिमीटर वर लोंबकळत होते. पाय लोंबकळले की बैठकीची कड मांडीच्या मागील भागावर दाबते, पायाला मुंग्या येतात, मग माणूस पुढे सरकतो, पाठीचा आधार सुटतो, आणि आठ हजारांची खुर्ची सहाशे रुपयांच्या स्टुलाचेच काम करू लागते. आपल्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांत पादत्राणे बाहेर काढण्याची पद्धत आहे, त्यामुळे चपलेचे एक-दोन सेंटिमीटरही मिळत नाहीत.

यापुढची अडचण टेबलाची. आपल्याकडील सर्वसाधारण टेबल ७५ सेंटिमीटर उंचीचे असते. बसलेल्या स्थितीत तिचे कोपर बैठकीपासून २१ सेंटिमीटरांवर येते. म्हणजे पाय जमिनीला टेकवून बसली तर कोपर ६० वर आणि टेबल ७५ वर. खांदे उचलून दिवसभर टंकलेखन करावे लागणार. खुर्ची ५४ पर्यंत वर घेतली तर हात जुळतात, पण पाय पंधरा सेंटिमीटर अधांतरी. यावरील उपाय खुर्चीच्या दुकानात नव्हता, सुताराकडे होता. औषधांच्या जुन्या खोक्यांच्या फळ्यांतून त्याने किंचित उतार असलेला, पंधरा सेंटिमीटर उंचीचा चौरंग तीनशे रुपयांत करून दिला. (देवघरातील चौरंगच का वापरत नाही, असे एका स्नेह्याने विचारले, पाय ठेवण्यासाठी तो वापरणे आम्हांस रुचले नाही.) ज्यांचे टेबल जुने लाकडी आहे त्यांनी पायांचे तुकडे कापून घेतले तरी चालेल, मात्र त्याच टेबलावर उंच माणूसही बसत असेल तर चौरंगच बरा.

उंचीचा प्रश्न अशा रीतीने तीनशे रुपयांत सुटतो. बैठकीच्या खोलीचा सुटत नाही, आणि म्हणून कमी किमतीत खुर्ची घेताना आम्ही हाच पहिला निकष मानतो. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची खळगी यांमध्ये तीन-चार अंगुलांचे अंतर राहिले पाहिजे. मदतनिसाचे पाठीपासून खळगीपर्यंतचे माप ४३ सेंटिमीटर होते. बहुतेक भारदस्त खुर्च्यांची बैठक ४८ ते ५० सेंटिमीटर खोल होती. बैठक पुढेमागे सरकवण्याची सोय या किमतीत सहसा मिळत नाही. अशा वेळी ‘साहेबांची’ खुर्ची सोडून दुकानाच्या कोपऱ्यात ठेवलेली, मध्यम पाठीची, आटोपशीर बैठकीची साधी खुर्ची पाहावी. आम्ही घेतली ती हीच, साडेपाच हजारांची. विक्रेता नाराज झाला, कारण त्याच्या मते ती ‘स्टाफची’ होती. वस्तुतः ज्यांच्यासाठी घ्यावयाची तो स्टाफच होता.

दुसरा निकष कटीच्या आधाराचा. तो वरखाली सरकवता आला पाहिजे. तो चुकीच्या जागी असेल तर कटीला आधार देण्याऐवजी बरगड्यांखाली टोचतो, आणि रुग्ण म्हणतो, नव्या खुर्चीने पाठ अधिक दुखू लागली. पाठ मागे झुकली पाहिजे, आणि झुकण्याचा ताण बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे कमीअधिक करण्याची मूठ बैठकीखाली असली पाहिजे. हातांविषयी आमचे मत थोडे निराळे आहे. स्वस्त खुर्चीचे न हलणारे हात टेबलाच्या कडेला अडतात आणि माणसाला टेबलापासून दूर ठेवतात. असे हात स्क्रू काढून सरळ वेगळे करावेत. डोक्याच्या आधारावर पुड्या बांधणाऱ्या व्यक्तीसाठी एक रुपयाही खर्च करू नये.

आपल्या व्यवसायाची एक गोष्ट दुकानदारास ठाऊक नसते, ती म्हणजे तेल. तिळतेलाचा हात कापडी बैठकीला लागला की डाग आणि वास दोन्ही कायमचे. रेक्झिन पुसता येते, पण स्वस्त रेक्झिनचे पापुद्रे दोन-तीन वर्षांत निघतात, आणि कोकणातील दमट हवेत त्यावर बसणे म्हणजे अनिच्छेने घेतलेला स्वेदच. पाठीला जाळी, बैठकीला घट्ट फोम आणि त्यावर धुता येईल असा सुती अभ्रा, हा आमचा तोडगा. फोम अंगठ्याने दाबून पाहावा. तळाची फळी हाताला लागली तर ती वर्षभरात माकडहाडालाही लागणार.

यांत्रिक भागांत जपावे ते उंची राखणाऱ्या गॅसच्या नळकांड्याला. बसल्यावर खुर्ची हळूहळू आपोआप खाली जाऊ लागली, की ते निकामी झाले असे समजावे. सुदैवाने ते बदलून मिळते, संपूर्ण खुर्ची फेकण्याची गरज नसते. हमीपत्रावर ‘तीन वर्षे’ असे ठळक अक्षरांत असले तरी खालची बारीक अक्षरे वाचावीत. फोम, चाके, कापड वगळलेले आढळते. घरबसल्या मागवताना ती परत घेतली जाईल का, आणि परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हे आधी विचारावे. आम्ही तर दुकानात वीस मिनिटे बसूनच निर्णय घ्यावा या मताचे आहोत, आणि तेथे वैद्याने नव्हे, जो वापरणार त्याने बसावे. मुंबईच्या सभासदांना जोगेश्वरीजवळ ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार ठाऊक असेल. मोठ्या कार्यालयांतून निघालेली चांगल्या बनावटीची वापरलेली खुर्ची नव्या हलक्या खुर्चीच्या किमतीत मिळाली, तर ती अवश्य घ्यावी. फक्त उलटी करून सांगाड्याला तडा नाही ना, हे पाहावे.

औषधी दुकानदार बंधूंसाठी काही शब्द स्वतंत्रपणे लिहिणे प्राप्त आहे, कारण त्यांच्याकडील प्रश्न उलटा आहे. तेथे मदतनीस बसत नाहीत, दिवसभर उभे असतात, आणि ग्राहकासमोर बसणे हा उद्धटपणा समजला जातो. पायांच्या शिरा फुगलेले, टाचा दुखणारे किती विक्रेते आपणांकडे तैल मागावयास येतात! वस्त्रदालनांत उभे राहून काम करणाऱ्या स्त्रियांच्या लढ्यानंतर केरळने २०१८ साली कायद्यात दुरुस्ती करून दुकानातील कामगारांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. तामिळनाडूने २०२१ साली तशीच दुरुस्ती केली. आम्हांस वाटते, आयुर्वेदाचे नाव लावणाऱ्या दुकानांनी कायद्याची वाट पाहू नये. काउंटर शंभर सेंटिमीटरच्या आसपास असेल तर साधी खुर्ची तेथे पोचत नाही. त्यासाठी पाय ठेवण्याची कडी असलेली उंच खुर्ची मिळते. तिलाही पाठ हवी. गर्दीत उभे राहावे, गर्दी ओसरली की टेकावे, एवढी मोकळीक मालकाने तोंडाने सांगून द्यावी लागते. नुसती खुर्ची ठेवली तर तिच्यावर खोकी रचली जातात, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

रुग्णाच्या खुर्चीला चाके नसावीत, हेही जाता जाता सांगतो. संधिवाताचा वृद्ध रुग्ण हातांवर भार देऊन उठू लागतो, गुळगुळीत फरशीवर खुर्ची मागे सरकते आणि आपण धावतो. त्याच्यासाठी चार भक्कम पायांची, हात असलेली, थोडी उंच बैठकीची लाकडी खुर्चीच योग्य.

काही ज्येष्ठ वैद्यांचा आक्षेप आम्ही ऐकला आहे, की आपले पूर्वज गादी-लोडावर मांडी घालून बसत, त्यांना कुठे खुर्ची लागली? आक्षेपात तथ्य आहे. पण गादीवरचा वैद्य दर थोड्या वेळाने मांडी बदलत असे, लोडाला रेलत असे, खलाशी उठून जात असे. आणि त्याच्यापुढे संगणक नव्हता. दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे : खुर्ची जितकी सुखाची, तितके माणूस अधिक बसणार, म्हणजे आपण वातापासून सोडवून कफाच्या हवाली करणार. तो आम्हांस पूर्णपणे मान्य आहे.

किंबहुना आधुनिक संशोधनही येथे सावध करते. स्वीडनचे नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात कटीकशेरुकांमधील चकतीवरील दाब मोजून, उभे राहण्यापेक्षा बसताना तो अधिक असतो असे मांडले, आणि पुढील पिढीने बसण्यालाच शत्रू ठरवले. १९९९ साली जर्मनीत विल्के व सहकाऱ्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा सैल बसताना दाब उभ्या स्थितीपेक्षा किंचित कमीच भरला, खुर्चीत मागे रेलल्यावर आणखी कमी झाला. पुढे पूर्ण वाकून बसल्यावर मात्र बराच वाढला. मोजणी एकाच व्यक्तीवर झालेली असल्याने तिचा अतिरेकी अर्थ काढू नये. परंतु ताठ बसा, ताठ बसा असा जो उपदेश आपण सरसकट करतो, त्याचा फेरविचार करण्यास तेवढे पुरेसे आहे. मागे रेलता येणारी पाठ ही चैन नव्हे. आणि कोणतीही खुर्ची, मग ती पाच हजारांची असो वा पन्नास हजारांची, सलग चार तास बसण्याचा परवाना देत नाही. आमच्या काउंटरवर आता पाण्याचा माठ मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आहे, आणि पुड्या बांधण्याचे निम्मे काम उभ्याने करता यावे म्हणून भिंतीला एक उंच फळी ठोकली आहे.

मदतनिसाचे दुखणे पूर्ण गेले, असे आम्ही लिहिणार नाही. खुर्ची बदलून चौदा महिने झाले. या काळात बस्तीचा क्रम एकदाच द्यावा लागला, तोही पावसाळ्यात, आणि तिने रजा घेतली ती भावाच्या लग्नासाठी. हे श्रेय खुर्चीचे किती, बस्तीचे किती आणि त्या उंच फळीचे किती, ते वेगळे काढता येत नाही.

संघटनेकडे आमच्या दोन सूचना आहेत. एक, जिल्हा शाखांनी सभासदांकडून मागणी गोळा करून एकत्रित खरेदीचा दर मिळवावा; पंचकर्माची द्रोणी आपण अशीच घेतली होती. दोन, संघटनेतर्फे छापल्या जाणाऱ्या केसपेपरवर आहार, विहार, निद्रा यांच्यासोबत आसनाची एक ओळ असावी : कशावर बसता, सलग किती वेळ, पाय टेकतात का. आम्ही आमच्या केसपेपरवर रबरी शिक्का मारून ती ओळ घातली आहे. पहिल्याच आठवड्यात कटीग्रहासाठी वर्षभर आमचे औषध घेणारी एक शिवणकाम करणारी भगिनी म्हणाली, “पाय टेकतात का म्हणजे? मशीनसमोर मी तेलाच्या पत्र्याच्या डब्यावर बसते.” तिला आम्ही हे इतक्या दिवसांत कधी विचारलेच नव्हते.

आमची ती काळी, उंच पाठीची खुर्ची सध्या प्रतीक्षाकक्षाच्या कोपऱ्यात पडून आहे. रुग्णांची मुले तिच्यावर गोल फिरतात.